‘दीर्घ श्वास घे’ एवढ्याने भागत नाही

कुणाला धडधडायला लागलं, हातपाय गार पडले की आजूबाजूचे चौघे एकच सांगतात, “दीर्घ श्वास घे.” बिचारा माणूस छाती फुगवून चार-सहा मोठमोठे श्वास घेतो. मिनिटाभरात ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं बधिर वाटतात, डोकं हलकं होतं आणि आता नक्कीच काहीतरी भयंकर होणार अशी त्याची खात्री पटते. पुढे तो ठरवूनच टाकतो की हे श्वासाचं वगैरे आपल्याला जमत नाही.

त्याचं काही चुकलेलं नसतं, सल्लाच अर्धवट होता. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. त्यावर आणखी मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरणं, मुंग्या, जीव गुदमरणं हे सगळं त्यातून येतं. गंमत म्हणजे हवा कमी पडतेय असं वाटतं तेव्हा ती खरं तर जास्त झालेली असते.

ताण आणि चिंतेसाठी सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक सवयींचं असंच आहे. नावं सगळ्यांना तोंडपाठ: चालायला जा, प्राणायाम करा, चहा कमी करा, झोप पूर्ण घ्या. कसं, किती आणि नेमकं कुठे बिघडतं, हे मात्र कुणी सांगत बसत नाही. म्हणून इथे तेवढंच.

आधी श्वास सोडा

पाठ टेकून बसा. एक हात बेंबीवर ठेवा. पहिलं काम श्वास घेण्याचं नाही, सोडण्याचं. आत असलेली हवा सावकाश बाहेर जाऊ द्या. मग नाकाने ४ आकड्यांपर्यंत श्वास घ्या. छाती भरून नाही, नेहमी घेता तेवढाच, फक्त हळू. बेंबीवरचा हात थोडा पुढे आला पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. मग ६ आकड्यांपर्यंत सोडा. ओठांचा चंबू करून सोडलात तर सोपं जातं. बशीतल्या चहावर फुंकर घालतो ना, तशी. चहावर नुसता तरंग उठावा, बशीबाहेर सांडू नये, एवढाच जोर.

४ आणि ६ मिळून १० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. असं ५ मिनिटं. ४-६ जड जात असेल तर ३-४ ने सुरुवात करा. आकड्यांपेक्षा सोडणं हे घेण्यापेक्षा लांब असणं महत्त्वाचं. मध्ये श्वास रोखायची गरज नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर रोखूच नका.

सोडण्यावर भर का, ते स्वतःच्याच मनगटावर बघता येतं. अंगठ्याच्या बाजूला नाडी सापडली की दोन बोटं तिथे ठेवून वरच्या मापाने श्वास घ्या-सोडा. घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. तरुण माणसात हा फरक चांगला जाणवतो, वयाबरोबर कमी होतो. हृदयाचा वेग आपल्याला हुकमाने कमी करता येत नाही, पण श्वास सोडण्याच्या वाटेने त्याला आडून सांगता येतं.

आता बिघडतं कुठे. एक, लोक हे फक्त घाबरल्यावर करतात. पुरात पडल्यावर पोहायला शिकण्यातला प्रकार. शांत असताना रोज दोनदा ५-५ मिनिटं सराव हवा. तो एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही: सकाळी कुकर लावल्यापासून शिट्ट्या होईपर्यंत, संध्याकाळी बूट काढून खुर्चीत बसल्यावर. दोन, दर श्वासागणिक “गेली का भीती?” म्हणून तपासणी चालते. आग विझली का बघायला सारखं राख उकरत बसलं की निखारा धुमसतच राहतो. तीन, डोळे मिटलेच पाहिजेत असं वाटतं. लोकलच्या डब्यात दांडीला लटकलेल्या माणसाने डोळे मिटू नयेत. त्याने फक्त श्वास सोडायला दुप्पट वेळ लावावा, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. चिंतेला ० ते १० असे गुण द्यायची सवय लावून घ्या. ८ ची ६ झाली तर श्वासाने त्याचं काम केलं. ० होण्याची वाट बघणारा निराश होतो आणि ती निराशा पुन्हा चिंतेच्याच खात्यात जमा होते. या साऱ्या सवयी भीतीला हाकलून देण्यासाठी नसतात. शरीराला एक-दोन पायऱ्या खाली आणायचं आणि आपल्या हातून चिंतेला घातलं जाणारं खतपाणी थांबवायचं, एवढंच त्यांचं काम.

सकाळची धडधड आणि चहाचा हिशेब

चिंतेचा स्वभाव असणाऱ्या अनेकांना सर्वांत वाईट वेळ सकाळची वाटते. रात्री बरं होतं, उठल्याबरोबर पोटात गोळा. याला शरीराचं कारण आहे. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्वाभाविकपणेच वर जातं. दिवसासाठी अंगाला चावी देण्याची ती पद्धत आहे. नेमक्या त्याच वेळी आपण उशाचा फोन उचलतो, ऑफिसच्या ग्रुपवर रात्री ११ ला कोण काय बोललं ते वाचतो आणि रिकाम्या पोटी कडक चहा ओततो.

फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. ही खरेदी लहान, पण यादीतल्या निम्म्या सवयींपेक्षा उपयोगी. उठल्यावर पाणी, मग १०-१५ मिनिटं गॅलरीत किंवा खिडकीशी उजेडात. उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. काहीतरी खाल्ल्यानंतर चहा. धडधड या काळात आपोआप उतरते. “आजचा दिवस वाईट जाणार” असा निकाल उठल्यापासून पहिल्या तासात लावू नका.

चहाचा हिशेब मात्र कागदावर करावा लागतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनानुसार १५० मिलीच्या चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि पूड उकळून-गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. आता मोजा: सकाळी घरचे दोन कप, ऑफिसात ११ चा, ३ चा आणि ५ चा, घरी आल्यावर एक. सहा कप चहा झाले, म्हणजे कडक असेल तर मर्यादा ओलांडली. टपरीवरचं कटिंग कपापेक्षा लहान हे खरं, पण ते उकळून उकळून कडक झालेलं असतं. ज्याला मुळातच धडधडीची भीती वाटते त्याच्या दृष्टीने ३०० म्हणजे बरंच झालं.

कॅफीनचा निम्मा अंश उतरायला साधारण ५ ते ६ तास लागतात. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या १०० मिलिग्रॅमच्या कॉफीतले ५० रात्री साडेदहा-अकराला अंगातच असतात. “मला कॉफी पिऊनही झोप लागते” म्हणणाऱ्यांची झोप लागते हे खरं, ती उथळ असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या अंगात कॅफीन आणखी जास्त वेळ टिकतं. आणि सिगारेट सोडणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना, जी सहसा कुणी देत नाही: सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडतं. सिगारेट सोडली की तेच चार कप पहिल्यापेक्षा जास्त चढतात, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यामुळेच चिंता वाढली. तेव्हा सिगारेट सोडताना चहा-कॉफीही निम्म्यावर आणा.

एकदम बंद करू नका. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकतं की तिसऱ्या दिवशी माणूस दुप्पट पितो. दर ३-४ दिवसांनी अर्धा कप कमी करा, आणि सुरुवात दिवसाच्या शेवटच्या कपापासून. दुपारी ३ नंतर बंद, इथवर आलात तरी पुष्कळ. कोला, एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असतं, ते हिशेबात धरा.

चहाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, थकवा हे सगळं चिंतेचंच असेल असं नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तरी तसंच होतं. ब१२ कमी असेल तर थकवा आणि मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत ते सर्रास कमी निघतं. दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधडतं. लक्षणं नवीन असतील तर डॉक्टरांना दाखवून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि ब१२ एकदा तपासून घ्या. रक्तातली कमतरता भ्रामरी प्राणायामाने भरून निघत नाही.

काळजीला वेळ द्या, पण ठरवून

“काळजी करू नकोस” हा सल्ला ‘दीर्घ श्वास घे’चा सख्खा भाऊ. करू नको म्हटलं की डोक्यातला भुंगा जास्तच गुणगुणतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये उलटी वाट सुचवली: काळजी करा, पण रोज एकाच ठरलेल्या वेळी आणि एकाच ठरलेल्या जागी. दिवसभर ती पुढे ढकलायची. मनाला ‘नाही’ ऐकवत नाही, ‘नंतर’ ऐकवतं.

करायचं असं. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. काळजी आली की तीन-चार शब्दांत टिपा आणि हातातल्या कामाकडे वळा. संध्याकाळी, समजा साडेसहाला, २० मिनिटं (मूळ पद्धतीत अर्धा तास होता) एका खुर्चीत बसा. पलंगावर नाही, देवघरासमोर नाही, जेवणाच्या ताटावर तर मुळीच नाही. त्या जागेची आणि काळजीची मनात गाठ पडते, म्हणून जागा अशी निवडा जिथे एरवी बसायचं नसतं. झोपेच्या आधीचे दोन तास टाळा.

वहीत समजा मंगळवारी तीन ओळी आहेत: ‘हप्ता, ५ तारीख’, ‘आईचा रिपोर्ट’, ‘साहेब बोलले नाहीत’. तिन्ही काळज्या दिसायला सारख्या, पण जातीने वेगळ्या.

पहिली आहे प्रश्नाची. इथे काही करता येतं. त्यापुढे कृती लिहा, आणि ती इतकी बारीक असू द्या की उद्या सकाळी विचार न करता करता येईल. ‘पैशाचं बघायला हवं’ ही कृती नाही. ‘बुधवारी ११ वाजता बँकेत फोन, हप्त्याची तारीख ५ ऐवजी १० होईल का विचारणे’ ही कृती.

दुसरी आहे वाट बघण्याची. आईच्या साखरेचा रिपोर्ट गुरुवारी मिळणार. तोपर्यंत आपल्या हातात काही नाही. पुढे फक्त ‘गुरुवार’ लिहा आणि रेघ मारा. बुधवारी ती पुन्हा डोक्यात आली की वहीतला वार बघायचा. इंटरनेटवर ‘साखर वाढण्याची कारणं’ शोधणं म्हणजे गुरुवारचं दुःख बुधवारी उधार घेणं, तेही व्याजाने.

तिसरी सर्वांत चिवट, कारण ती घटनेची नाही, घटनेच्या अर्थाची आहे. साहेब बोलले नाहीत एवढंच घडलंय. ‘म्हणजे माझ्यावर नाराज आहेत, म्हणजे अप्रेझल गेलं’ हे आपण जोडलेलं. मन चिंती ते वैरी न चिंती, ते इथे. अशा ओळीपुढे दोन प्रश्न: याला पुरावा काय, आणि दुसरं काय कारण असू शकतं? मग तिच्यातला ‘च’ शोधा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, जी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, तिचा सगळा रोख अशा हट्टी मागण्यांवर आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द खर्ची पडतो, मराठीत एका अक्षरात भागतं. ‘साहेबांनी माझ्याशी नीट बोललंच पाहिजे.’ ‘मुलाला ९० टक्के मिळालेच पाहिजेत.’ ‘मला हे सहनच होणार नाही.’ वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहा: ‘साहेब नीट बोलले तर मला आवडेल. नाही बोलले तर वाईट वाटेल, पण मी काम करू शकतो.’ मोठ्याने वाचून बघा. वाईट वाटणं शिल्लक राहतं, ते राहावंच, पण गळ्याभोवतीचा फास सैल होतो.

२० मिनिटं झाली की वही मिटा आणि लगेच उठून अंगाला हलवणारं काम काढा: भाजी निवडणं, झाडांना पाणी, खाली एक फेरी.

यात चुका ठरलेल्या होतात. कागदाशिवाय नुसतं बसलं तर तो वेळ काळजीचा राहत नाही, रवंथ होतो. खूण सोपी: एकच वाक्य तिसऱ्यांदा आलं आणि नवं काही कळलं नाही की रवंथ सुरू झाला समजा, आणि ‘पुढचं पाऊल काय?’ हा प्रश्न लिहा. उत्तर नसेल तर ‘नाही’ लिहून पुढच्या ओळीवर. दुसरी चूक, बऱ्या दिवशी सुट्टी घेणं. त्या दिवशीही बसा, ५ मिनिटांत उठा. नाहीतर मनाचा ‘नंतर’वरचा विश्वास उडतो आणि ते पुन्हा दिवसभर मागे लागतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस वेळा ढकलावं लागतं. दोन आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

छुपं खतपाणी

काही सवयी काळजीवरचा उपाय म्हणून वावरतात आणि तिलाच पोसतात. मुलगी पुण्याहून निघाली की “निघालीस का”, “घाट आला का”, “पोहोचलीस का”. गॅसचं बटण चारदा बघणं. घरचं रक्तदाबाचं यंत्र दिवसातून दहादा दंडाला लावणं. हे शेवटचं फार बघायला मिळतं: घाबरून मोजलं म्हणून १५० येतो, १५० दिसला म्हणून आणखी घाबरायचं, पुन्हा मोजलं की १६०. आधी ५ मिनिटं शांत बसून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच मोजा, आणि मधल्या वेळात यंत्र कपाटात.

दर खात्रीनंतर सुटकेचा श्वास येतो, म्हणून सवय लागते. पण सुटका दर वेळी कमी टिकते आणि पुढची खात्री लवकर लागते. तोडायचं एका झटक्यात नाही. तपासावंसं वाटलं की १५ मिनिटं थांबा, पुढच्या आठवड्यात अर्धा तास. प्रवासाचे फोन दोन: निघताना आणि पोहोचल्यावर, आणि तेही तिने करायचे. मधली अस्वस्थता वाढते, टिपेला जाते आणि तुम्ही काहीही न करता उतरते. ती उतरते हे एकदा अंगाने अनुभवावं लागतं, वाचून पटत नाही.

टाळण्याचंही तेच. एकदा लोकलमध्ये घाबरल्यावर रिक्षाने जायला लागलो, मग रिक्षाचीही भीती, मग घरूनच काम. परत येताना पायऱ्या करा: आधी फलाटावर १५ मिनिटं उभं राहणं, मग दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्टेशन, मग तीन, मग गर्दी. प्रत्येक पायरी चार-पाच वेळा. भीती टिपेला असताना उतरू नका, ती थोडी खाली आल्यावर उतरा. टिपेला उतरलं की मेंदू शिकतो, ‘पळालो म्हणून वाचलो’.

अंग

चालण्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे ५ दिवस अर्धा तास, असा वेग की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. घरकामात इतकं चालणं होतं असं अनेक बायका म्हणतात आणि ते खोटं नाही, पण स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्यांत डोक्याला रजा मिळत नाही. अर्धा तास घराबाहेरचा हवा. धडधडीला घाबरणाऱ्यांना चालण्याचा खास फायदा: चढावर हृदय जोरात धडधडतं, घाम येतो आणि काहीही होत नाही. शरीराला हा पुरावा रोज मिळतो.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने १९२०च्या दशकात स्नायू सैल सोडायची एक पद्धत घडवली. तिची युक्ती अशी की सैल करायचं म्हणून सैल होत नाही, आधी आवळावं लागतं. उजवी मूठ ५-७ सेकंद आवळा, झटकन सोडा, २०-३० सेकंद नुसता फरक अनुभवा. मग डावी. मग खांदे कानांपर्यंत वर. मग कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. पंधरा मिनिटांचं काम. पूर्ण जोर लावू नका, सत्तर टक्के पुरे. पोटऱ्यांना पावलं खाली ताणून आवळलंत तर गोळा येतो, त्याऐवजी पंजे स्वतःकडे ओढा. ऑफिसात एवढं शक्य नाही, तिथे फक्त जबडा सांभाळा: ओठ मिटलेले, वरखालच्या दातांत फट, जीभ सैल. दिवसातून दहा वेळा तपासा. बहुतेक वेळा दात एकमेकांवर रुतलेले सापडतील.

रात्री तीन वाजता

झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. ती ठरवा आणि रविवारीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही, किंवा तीनला जाग येऊन डोकं सुरू झालं, तर अंथरुणातून उठा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण कारण सरळ आहे. तळमळत पडून राहिलं की अंथरुण म्हणजे तळमळायची जागा, अशी शरीराला सवय लागते. दुसऱ्या जागी मंद दिव्यात काहीतरी रटाळ करा: कपड्यांच्या घड्या, जुनं मासिक. फोन नाही, टीव्ही नाही. डोळे मिटायला लागले की परत. रात्रीतून तीनदा उठावं लागलं तरी चालेल. ‘२० मिनिटं’ घड्याळात बघायची नाहीत, अंदाजाने. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, कारण ‘आता चारच तास उरले’ हे गणित झोपेचं सगळ्यात मोठं वैरी.

झोपण्यापूर्वी ५ मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८च्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी ज्यांनी पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, त्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण कागद-पेनाला खर्च काय येतो! दुपारची डुलकी २० मिनिटं, तीनच्या आत. आणि ‘एक पेग घेतला की मस्त झोप लागते’ यातलं लागणं खरं, टिकणं खोटं: दारू उतरते तशी पहाटेची झोप तुटते आणि सकाळची घालमेल वाढते.

सवयींच्या पलीकडचं

भीतीचा झटका आला तर तो साधारण १० मिनिटांत टिपेला जातो आणि मग ओसरतो. पावलं जमिनीवर घट्ट टेकवा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, श्वास सोडणं लांबवा, जागा सोडू नका. पण छातीत पहिल्यांदाच दाब आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘चिंता असेल’ किंवा ‘गॅस असेल’ असं घरी ठरवू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा, ईसीजी काढू द्या. चिंता निघाली तर उत्तमच.

दोन-तीन आठवडे बहुतेक दिवस चिंता कामात, जेवणात, झोपेत आडवी येत असेल, तर एवढ्या सवयींवर भिस्त ठेवू नका. टेलिमानस ही केंद्र सरकारची फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आठवड्यांची वाट न बघता आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर बहुतेक गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही मनाने सोडू नका. शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी केमिस्टकडून मागून घेणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय. त्यातल्या अनेकांची सवय लागते आणि एकदम थांबवल्या की चिंता दुप्पट होऊन परत येते, क्वचित फिट्सही येतात.

सुरुवात कुठून करायची? सगळं एकदम नाही. दोनच गोष्टी घ्या: दुपारी तीननंतर चहा बंद, आणि दोन वेळा पाच-पाच मिनिटं लांब श्वास सोडणं. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाचे खाडे जिथे लिहिता, तिथेच त्या त्या तारखेच्या चौकटीत रात्री त्या दिवसाच्या चिंतेचा एक आकडा लिहा, ० ते १०. पंधराव्या दिवशी पहिल्या आठवड्याची आणि दुसऱ्या आठवड्याची सरासरी काढून बघा, आकड्यांची बेरीज भागिले लिहिलेले दिवस. फरक असेल तर काळजीची वही सुरू करा. एखादा दिवस लिहायचा राहिला तर चौकट कोरी सोडा. दोन दिवसांनी आठवून भरलेला आकडा घेऊ नका, चिंता करणाऱ्याला मागचा दिवस बऱ्याचदा होता त्यापेक्षा वाईट आठवतो.